इंदूच्या हातातला चतुर

रेखाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कढीपत्त्याच्या डब्यापुढे उकिडवा बसलो होतो. दवाखान्यातून मला माझ्या बायकोनं, इंदूनंच, घरी पाठवलं होतं. छातीत दुखतं म्हणून दोन दिवसांपूर्वी तिला भरती केलेलं, नाकाला नळी, हाताला सुई, आणि बाईला काळजी कसली, तर गच्चीवरच्या अळीची. "आवो, जाईसन देखा. हिरवी व्हयनी का अजून तपकिरीच शे, ते सांगा माले." आमच्या कढीपत्त्यावर एक अळी होती. आधी ती चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, मग कात टाकते आणि हिरवीगार होते, आणि तेव्हाच तिचे फोटो काढायचे असतात, हा इंदूचा हिशेब. मी म्हटलं, तू आधी बरी हो, अळी कुठे पळून जात नाही. तर म्हणाली, "पक्षी खाई जाई तिले, मंग?" म्हणून मी घरी आलो. पानं उलटीपालटी करून बघितली. अळी हिरवी झाली होती. आता जाऊन सांगावं म्हणून गुडघ्यावर हात ठेवून उठतच होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. रेखा, आमची एकुलती एक मुलगी, ती आईपाशी बसलेली होती. म्हणाली, "पप्पा... आई गेली." आणि मी काय बोललो असेन? म्हटलं, "तिला सांग, हिरवी झालीय."  

त्याला आता सहा आठवडे झाले. मी सातवी नापास माणूस, उभा जन्म सुरतच्या उधन्यात लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, गेला. आधी कारागीर होतो, मग मागाचे संचे दुरुस्त करणारा मास्टर झालो. लिहिणं हे माझं काम नाही. पण रेखा शिक्षिका आहे, ती म्हणाली, पप्पा तुम्ही बोलता तसंच लिहा, शुद्धलेखन मी बघते. म्हणून लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, रडगाणं वाचायचं असेल तर दुसरं पान उघडा. घर खायला उठतं, ते खरं आहे. पण माझी बायको जिंकून गेली, आणि मला ते सांगायचंय.

आम्ही अमळनेरकडचे. लग्नानंतर वर्षभरात सुरतला आलो आणि लिंबायतमध्ये एका शेठच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या. खाली शेठचे लूम, वर आम्ही, आणि त्याच्यावर गच्ची. इंदूनं घरबसल्या साडीला खडे चिकटवायचं काम धरलं. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिळापेक्षा लहान खडा असतो, गोंदाचा टिपका द्यायचा, काडीच्या टोकानं खडा उचलायचा आणि बरोबर टिपक्यावर सोडायचा. गोंद पसरला तर साडी डागते. खडा तिरपा बसला तर चमकत नाही. इंदूनं हे तीस वर्षं केलं. काम आणून देणाऱ्या शोभाबेन होत्या, गुजराती बाई, तोंडानं गोड आणि नजरेनं तिखट. त्या सगळ्या गल्लीत सांगायच्या की पल्लूचं, म्हणजे पदराचं, काम असेल तर ते फक्त इंदुबेनकडे. हे ऐकून इंदू वर काही दाखवायची नाही, पण त्या दिवशी भाजीत तेल जरा जास्त पडायचं.

मग तिचे हात हलायला लागले. पहिल्यांदा चहाच्या कपानं सांगितलं, मग सुईत दोरा जाईना, मग खडे तिरपे बसायला लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोठा आजार नाही, हाताची थरथर आहे, गोळीनं थोडी कमी होईल, जाणार नाही. आणि जाता जाता म्हणाले, "आता बारीक काम सोडा, आजी." इंदूला आजी म्हटल्याचा राग आला की बारीक कामाचा, ते मला आजही माहीत नाही. तिनं सोडलं नाही. पण पुढच्याच महिन्यात शोभाबेननी एक पूर्ण साडी परत आणली आणि कोपऱ्यात ठेवली. त्यानंतर त्यांचा गठ्ठा आमच्या दारात आला नाही. शेजारच्या घरात जायचा. इंदू दार लावून घ्यायची, तरी शोभाबेनचा आवाज यायचाच.

त्या दिवसांत ती गच्चीवर जाऊन बसायला लागली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तिनं कढीपत्ता, तुळस, चार तुरीची रोपं लावली होती. तिथं बसून ती किडे बघायची. एकदा मला म्हणाली, चतुराच्या डोळ्यात जाळी असते म्हणे, रेखानं मोबाइलवर दाखवलं, आपल्या साडीच्या खड्यांसारखे दाणेच दाणे, मला तो फोटो स्वतः काढायचाय. मी म्हटलं, "तुझ्या हातानं चहा सांडतो, तू चतुराचा डोळा काढणार?" लई वाईट बोललो. तिनं मान वळवली नाही. नुसतं म्हणाली, "काढसू." काढीन. बस, तेवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात ते एकच काम उरलं.

जावयांचा जुना कॅमेरा पडून होता, तो रेखानं आणून दिला. पण त्याची लेन्स जवळ गेलं की काहीच स्पष्ट धरायची नाही. किड्यांसाठी वेगळी लेन्स लागते, तिला मॅक्रो म्हणतात. रेखानं हुशारी केली. भागळच्या बाजूला एका गल्लीत दुकान आहे, ते लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना लेन्स भाड्यानं देतं. दिवाळीच्या आधी लग्नं नसतात, माल पडून असतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत वापरा, पटली तर घ्या, असं ठरलं. दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक हातभर लांब, जड. दुसरी आखूड, मुठीत मावेल अशी. त्यानं इंदूचे हात बघितले आणि लांबवाली पुढे सरकवली. "आ लई जाव, काका. माजीना हाथ ध्रूजे छे ने, आमां अंदर मोटर छे." हात थरथरला की आतली मोटर काच सांभाळते, असं त्याचं म्हणणं. शिवाय लांबून फोटो निघतो, किडा उडत नाही. इंदूचा हात आखूड लेन्सकडे गेला होता, ते मी बघितलं. पण मी मास्टर. जड वस्तू कमी हलते हे मला कोण शिकवणार? मी म्हटलं, लांबवालीच द्या. इंदूला विचारलंसुद्धा नाही.

घरी आणली आणि झालं उलटंच. लेन्स जड, इंदूचे हात आणखी हलायला लागले. तो लांबचा पल्ला, त्यात इकडे जराशी थरथर झाली की तिकडे फोटोत वादळ. मोटर आत गुरगुरायची, पण इतकी थरथर तिच्याही आवाक्याबाहेर. मग मी माझी अक्कल चालवली. संचा हलतो तेव्हा आम्ही काय करतो? जमिनीला बोल्ट मारतो. खात्यातून लोखंडी अँगल आणले, वेल्डिंग करून घेतलं आणि गच्चीच्या कठड्याला ड्रिलनं भोकं पाडून असा स्टँड ठोकला की हत्ती बांधा. त्यावर कॅमेरा कसला. समोर तुरीची काडी उभी केली. इंदूला म्हटलं, "आता बस, नुसतं बटण दाब." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "किडा काय तुमना कारागीर शे का, मशीनपुढे यीसन उभा ऱ्हावाले?" मी चिडलो. चार दिवस बोलणं बंद.

पण गंमत बघा, दिवाळीच्या सुट्टीत तिला त्याच स्टँडवर फोटो मिळाले. किडा नाही, काडीवर चिकटलेली कुठल्यातरी किड्याची सुकलेली कात होती, तिचे. केस न केस दिसत होता. मी गल्लीभर मिरवलो, बघा म्हटलं, मास्टरची करामत. दिवाळीनंतर लाभपाचमीला शेठनं नारळ फोडला, सुट्टीभर बंद असलेले खालचे संचे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी इंदू परत बसली, तीच कात, तोच स्टँड, तीच सकाळ, आणि फोटो धुरकट. दहा काढले, दहाही धुरकट. मी बोल्ट तपासले, आवळले, परत आवळले.  मग इंदू खाली गेली, पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली आणि कठड्यावर ठेवला. म्हणाली, "देखा." पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक सुरकुत्या उठत होत्या, एकामागून एक, थांबतच नव्हत्या. अख्खी इमारत थरथरत होती. तीस वर्षं आम्ही त्या इमारतीत जेवलो, झोपलो, मूल वाढवलं, आणि मला, एका मास्टरला, ते कधी कळलंच नव्हतं. आणि मी कॅमेरा नेऊन नेमका त्या थरथरणाऱ्या इमारतीलाच ठोकला होता.

मी तिथंच कठड्याला टेकून बसलो. खरं सांगतो, लाज वाटली. इंदू मात्र हसत होती. मग तिनं विचारलं, "नवा कारागीर येस, त्याले तार जोडाले कसं शिकाडतस तुम्ही?" आता हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. ताण्याची तार, म्हणजे कापडाचा उभा धागा, तुटली की आपला संचा बंद करायचा, पण आजूबाजूचे पन्नास चालूच असतात, जमीन हलते, तारा हलतात. नवा माणूस हात हवेत धरून संच्याच्या बारीक भोकात तार घालायला बघतो आणि अर्धा तास घाम गाळतो. मी त्याला सांगतो, हात हवेत धरू नको, मनगट संच्यावर टेकव. संचा हलेल तसा तुझा हात हलेल, तारही तशीच हलेल. तिघं एकदमच हलले की कुणीच हलत नाही. एवढं मी घडाघडा बोललो. इंदू ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "मंग माले का नही शिकाडं?"

त्याच क्षणी तिनं कॅमेरा स्टँडवरून सोडवायला लावला. डाव्या हाताच्या चिमटीत काडी धरली आणि त्याच हातावर लेन्स टेकवायला बघितली. पण लांब लेन्सला किड्यापासून वीतभर लांब राहावं लागतं. काडी धरली की लेन्स टेकवायला हात पुरेना, आणि हात लेन्सखाली घेतला की काडी सुटायची. तिनं तीनदा करून बघितलं. मग मला म्हणाली, चला. मी विचारलं, कुठे? ती चप्पल घालत होती.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती, लग्नांचा सीझन तोंडावर आलेला. इंदूनं पिशवीतून स्टीलची डबी काढली, डबीतून ती कात चिकटलेली काडी. दोन फोटोग्राफर पोरगे एकमेकांकडे बघून हसले. इंदूनं दुकानदाराला आखूड लेन्स मागितली. तो भला माणूस, म्हणाला, माजी, यात मोटर नाही, आणि एकदम जवळ जावं लागेल. इंदू म्हणाली, "जवळच तर जायचंय." तिनं काडी डाव्या चिमटीत धरली. कॅमेरा उजव्या हातात, लेन्सचं तोंड डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं, दोन्ही कोपर बरगड्यांत रुतवले. लेन्स आणि काडीमध्ये चार बोटांचं अंतर. हात थरथरत होता. काडी थरथरत होती. लेन्स थरथरत होती. सगळं एकदमच. तिनं चार वेळा बटण दाबलं. दुकानदारानं फोटो कॉम्प्युटरवर टाकला, मोठा केला, आणखी मोठा केला, तरी कातेचा केस न केस स्वच्छ. ते हसणारे पोरगे काउंटरवर वाकले. दुकानदारानंच सांगितलं, इतक्या जवळ ती मोटर तशीही फार काम करत नाही, काका. मी म्हटलं, आधी सांगायचंत. तर म्हणतो, "तमे पूछ्युं क्यां?" खरंच आहे, मी विचारलं कुठे होतं... कुणालाच.

आखूड लेन्स विकत घेतली, घरी आली. फ्लॅशवर इंदूनं पांढऱ्या अस्तराचा तुकडा बांधला, म्हणजे उजेड डोळ्यात टोचत नाही. पण चतुर काही कात नव्हे. हात जवळ गेला की उडून जायचा. तिनं पंधरा दिवस नुसतं बघितलं. थंडीत पहाटे चतुर तुरीच्या काडीला लटकून राहतो, पंखांवर दव असतं, ऊन लागल्याशिवाय त्याला उडता येत नाही. म्हणजे उजाडल्यापासून उन्हाचा पहिला पट्टा गच्चीवर पडेपर्यंत, तेवढाच वेळ. मी तिथं उभं राहायला गेलो तर म्हणायची, "सरका, तुमनी सावली पडस." मी जिन्याच्या दारात बसायचो. पहिल्या दिवशी काडी हलली, चतुर उडाला. दुसऱ्या दिवशी फोटो निघाले, पण शेपटीचे. असे कितीतरी दिवस गेले. एकदा चतुर उडून तिच्याच डोक्यावर बसला. मला हसू आलं. तिलाही आलं, पण हलता येईना, म्हणून ती तशीच दात दाबून हसत राहिली.

मग मार्गशीर्षातली एक सकाळ. खाली दिवसपाळी सुरू झालेली, संचे धडाडत होते, म्हणजे आमची गच्चीही तिच्या नेहमीच्या तालावर होती. इंदू काडीपाशी गेली. चिमटीत काडी धरली, इतकी हळू की दवाचा एक थेंब पडला नाही. लेन्स टेकवली. मला तिची पाठ दिसत होती, स्वेटरमधून खांदे थरथरताना दिसत होते. पुढे वाकली, मागे झाली, परत पुढे. बटणाचा आवाज आला, एक, दोन, कितीतरी. ऊन आलं, चतुरानं पंख झटकले आणि गेला. इंदू वळली नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बघत उभी राहिली. म्हणाली, "माले दिसत नही बराबर. तुम्ही देखा." माझ्या खिशात कापडाचे धागे मोजायची घडीची काच असते, मास्टर लोकांकडे असतेच. ती पडद्यावर ठेवून मी डोळा लावला. दाणेच दाणे, ओळीत बसलेले, वर तपकिरी, खाली राखाडी-निळे, एकही तिरपा नाही. मी तीस वर्षं कापड तपासलंय. उगीच कुणाला पास करत नाही. मी बराच वेळ बघितलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. मग म्हटलं, "पास."

रेखानं तो फोटो सुरतच्या एका निसर्गप्रेमी मंडळींच्या प्रदर्शनात पाठवला. शाळेचा हॉल होता. इंदू जरीकाठाची साडी नेसून आली होती. तिच्या फोटोपुढे माणसं थांबत होती. गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक साहेब आले, नाक लावून बघितलं आणि हिंदीत विचारलं, कोणता स्टँड वापरता? इंदूनं डावा हात पुढे केला. तो हलतच होता. "हाच," म्हणाली. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत हाताकडे. मग त्यांनी चक्क कागद काढून लिहून घेतलं, काडी कशी धरायची ते. आणि तिथंच, कुणी सांगितलं कोण जाणे, शोभाबेन आल्या. फोटोखालचं नाव वाचून म्हणाल्या, "इंदुबेन, आ तमे?" मग जरा घुटमळून म्हणाल्या की, एक भारी साडी आहे, पल्लूचं काम आहे, बघता का? मला वाटलं इंदू हो म्हणेल. तीस वर्षं जी हाक ऐकायला ती जगली तीच हाक होती. इंदूनं त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "हवे टाइम नथी, बेन."

त्यानंतरची दोन वर्षं तिला खरंच वेळ नव्हता. मुंग्या, ढालकिडे, फुलपाखराची अंडी, भिंतीवरची कोळ्याची पिल्लं. गल्लीतल्या बाया काडेपेटीत किडे घालून आणायच्या, "काकू, हा काढा ना." थरथर वाढतच होती, डॉक्टरांनी गोळी वाढवली. हात वाढत्या तालावर हलायचे आणि फोटो स्वच्छ निघायचे. बारीक काम सोडा म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांना तिनं मुद्दाम जाऊन चतुराचा डोळा दाखवला. ते म्हणाले, "आजी, हे कसं जमलं?" या वेळी आजी म्हटल्याचा राग आला नव्हता.

ती गेल्यावर दहाव्याला गावाकडचे पाहुणे आले. माझा मोठा साडू भिंतीकडे बघून म्हणाला, "बाईना फोटो कोठे शे? हार कशाले घालाना?" भिंतीवर मी तोच चतुराचा डोळा लावला होता, दोन हात लांबीरुंदीचा, काचेच्या फ्रेममध्ये. मी म्हटलं, हाच आहे. साडू म्हणाला, किड्याला हार घालायचा? मी म्हटलं, घालू नका, कुणी सांगितलंय? हात जोडायचे तर जोडा, नाहीतर चहा घ्या. म्हातारा कुरकुरला. पण नंतर मी बघितलं, सगळे बसलेले असताना तो एकटाच उठून त्या फोटोपाशी गेला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बोट काचेला न लावता दाणे मोजायला लागला. मध्येच चुकला. पहिल्यापासून सुरू केलं.

खालचे संचे चालू असतात तोवर ती फ्रेम भिंतीवर खडखडत असते. बारीक आवाज आहे, पण सतत. रेखा म्हणाली, पप्पा, मागे कापडाची घडी लावते, आवाज थांबेल. ती स्टूल घेऊन चढलीसुद्धा. मी तिला खाली उतरवलं. भिंत हलते, खिळा हलतो, काच हलते, आणि आत चतुराचा डोळा आहे तिथं आहे.

हलू दे, म्हटलं.